"व्हय गं, किती जिंकलीस?"

आज मंगळवार पेठेत आत्याकडे जेवायला गेले. पांढरा रस्सा वाढता वाढता पहिला प्रश्न, "व्हय गं, गोव्यात किती जिंकलीस?" आत्या, मी खेळत नाही गं, पत्ते वाटते! पणजीत पोकरची स्पर्धा असली की आजरा-आंबोलीमार्गे खाली उतरायचं, संपली की परत.

मामांना गणपतीच्या जागरणातली तीन पत्ती तेवढी ठाऊक. जेवण झाल्यावर त्यांनी कॅट काढलाच. मग दाखवलं. प्रत्येकाला दोन पत्ते, फ्लॉपआधी (म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडायचे पहिले तीन पत्ते) वरचा एक पत्ता पालथाच बाजूला, म्हणजे कुणी त्यावर खूण केली असली तरी फायदा नाही. टर्न, रिव्हर म्हणजे चौथ्या, पाचव्या उघड्या पत्त्याआधीही तेच.

पण डीलरला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याला, खरा घाम फुटतो साइड पॉटला (पॉट म्हणजे डावात लागलेल्या चिप्सचा ढीग). तिघे ऑल-इन, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स लावलेल्या, ५,०००, १२,००० आणि २०,०००. मुख्य पॉट १५,००० चा, तो तिघांचा. साइड पॉट १४,००० चा, फक्त मोठ्या दोघांचा. उरलेले ८,००० तिसऱ्याला परत. हे सगळं तोंडी, तेही समोर एखादा वैतागून चिप्स खुळखुळवत असताना. (स्पर्धेतल्या चिपवरचा आकडा म्हणजे रुपये नव्हेत, हे मामांना शेवटपर्यंत पटलं नाही.)

आत्याला मात्र एकच गोष्ट आवडली. टेबल सोडताना दोन्ही तळहात उघडून कॅमेऱ्याला दाखवायचे, चिप लपवली नाही म्हणून. मामा बाजारातून आले की उरलेल्या सुट्ट्या पैशांसाठी हेच करायला लावणार म्हणते.