सिपचा मेसेज उघडून बघितला तेव्हा

परवा ऑफिसातला नेटवरचा फोन लागायचा पण समोरच्याचा आवाजच नाही, शेवटी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) लावून सिपचे, म्हणजे नेटवरचा कॉल जोडायच्या-तोडायच्या प्रोटोकॉलचे, मेसेज वाचत बसलो आणि खरं सांगू, हे तर चक्क साधं टेक्स्ट निघालं, वेबपानं मागवायच्या एचटीटीपीसारखं! पहिल्या ओळीत इन्व्हाइट (कॉलचं बोलावणं), ज्याला लावायचाय त्याचा पत्ता आणि सिप/२.०, उत्तर असेल तर तिथे १८० रिंगिंग नाहीतर २०० ओके. खाली हेडर, फ्रॉम, टू, कॉल-आयडी वगैरे, आणि व्हाया म्हणजे उत्तरानं कुठल्या वाटेनं परत यायचं ते, त्यातला ब्रँच, म्हणजे त्या व्यवहाराची ओळखखूण, झेड९एचजी४बीकेनेच सुरू होतो, २००२ च्या आरएफसी ३२६१ चं, म्हणजे सिपच्या नियमपुस्तकाचं, खूळ. मग एक रिकामी ओळ, तिच्याखाली एसडीपी, म्हणजे आवाज कुठे नि कसा पाठवायचा त्याचा तपशील. दुखणं तिथेच होतं, आमच्या सी= च्या ओळीत, जिथे आवाज पाठवायचा पत्ता असतो, १९२.१६८ वाला ऑफिसच्या आतच चालणारा आयपी, मग बाहेरचा आवाज येणार कसा आमच्यापर्यंत?