तुम्ही विचारलंत म्हणून: रॅपर गेल्यावर अल्बम येतात कुठून?

कुडाळात माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे. जत्रांच्या दिवसांत दशावताराला नि डबलबारी भजनांना साऊंड लावायला जातो, आणि पावसाळ्यात सगळं थंड असतं तेव्हा मालवणीत रॅप करणारी पोरं येतात. त्यांचा ठरलेला प्रश्न अमेरिकन रॅपर टूपाक शकूरबद्दल, "दादा, टूपाक ९६ साली गेलो, मगे २००६ पर्यंत तेचे अल्बम खंयसून येत रवले? जितो आसा काय तो?" आणि मागोमाग दुसरा, असे अल्बम काढणं बरोबर आहे का.

जिवंत वगैरे काही नाही हो. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो जामिनावर सुटला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासला गोळ्या लागून गेला, वय २५. मधल्या वर्षभरात माणूस स्टुडिओत झपाटल्यासारखा रेकॉर्ड करत होता, एक गाणं झालं की पुढचं, मिक्सिंगचं नंतर बघू. जिवंतपणी सोलो अल्बम चार, गेल्यावर सहा. त्यातला पहिला, नोव्हेंबर १९९६ मधला मॅकाव्हेली या त्याच्याच टोपणनावाने आलेला, त्याने स्वतःच ऑगस्टमध्ये आठवड्याभरात उरकला होता. म्हणजे तो त्याचाच अल्बम, फक्त तारीख नंतरची. त्याच काळातला दुसरा रॅपर बिगी, त्याचंही तेच, ९ मार्च १९९७ ला गेला आणि २५ मार्चला त्याचा तयार असलेला डबल अल्बम बाजारात. यांना उरलंसुरलं म्हणणं चूक आहे.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. रॅपमध्ये आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो, बीट वेगळ्यावर, त्यामुळे आवाज उचलून दुसऱ्या बीटवर ठेवता येतो, गाण्यापेक्षा सोपं कारण सुराची भानगड कमी. हे ऐकायला सोपं. माझ्याकडे एका पोराची जुनी फाईल होती, तो आता बोटीवर नोकरीला आहे, म्हटलं नवीन बीट लावून बघूया. स्पीड जुळवला, पहिल्या चार ओळी मस्त बसल्या, आणि मग कळायला लागलं की हा श्वास कुठे घेतो तर जुन्या बीटमधला ढोल जिथे थांबतो तिथे, एक शब्द मुद्दाम उशिरा टाकलाय तो जुन्या स्नेअर ड्रमच्या ठोक्याला चुकवायला. नवीन बीटवर तोच शब्द नुसता लेट वाटतो, जसं काही पोराला ताल कळत नाही. मागे पत्र्यावरचा पाऊस होता तो काढायला गेलो तर आवाजातला स काराचा दातही गेला. शेवटी त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन दिवसांनी रेंज आल्यावर उत्तर, "तो टेक डिलीट कर, माका सर्दी झालली."

टूपाक हे सांगू शकत नाही. त्याचा २००४ चा अल्बम रॅपर एमिनेमने प्रोड्यूस केला, त्यात आवाजाचा वेग नि पट्टी ओढाताण करून बदललीय, इतकंच नाही तर शब्दांचे तुकडे जोडून त्याच्या तोंडी जी-युनिटचं नाव घातलंय, जो ग्रुप तो असताना अस्तित्वातच नव्हता! एमिनेमचं टूपाकवर प्रेम होतं यात मला शंका नाही, पण आपल्याकडे म्हाळाला गेलेल्याला जे आवडायचं ते पानात वाढतात, वाढणाऱ्याला आवडतं ते नाही.

याच्या उलट रॅपर मॅक मिलर. सप्टेंबर २०१८ मध्ये गेला, जानेवारी २०२० मध्ये त्याचा सर्कल्स अल्बम आला. प्रोड्यूसर जॉन ब्रायन त्याच्यासोबत त्या अल्बमवर आधीपासून काम करत होता, कुठलं गाणं कुठे न्यायचं यावर दोघांचं बोलणं झालेलं, त्या आधारावर त्याने तो पुरा केला. ऐकताना कोणी मधे येऊन उभं राहिल्यासारखं वाटत नाही. माझं मत म्हणाल तर एवढंच बघायचं, पुरं करणारा माणूस त्या खोलीत आधी होता का. नसेल तर जे आहे ते तसंच सोडा, अर्धं असेल तर अर्धं, वर रेकॉर्डिंगचं साल टाका. पाहुणे कलाकार बोलावू नका. पॉप स्मोक हा रॅपर गेल्यावर आलेला त्याचा २०२१ चा अल्बम ऐका, पाहुण्यांची एवढी गर्दी की यजमान शोधावा लागतो.

पैशाबद्दल मात्र मी नाक मुरडत नाही. टूपाकची आई अफेनी शकूर रेकॉर्ड कंपनीशी भांडली, १९९७ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि मुलाची न आलेली गाणी त्यातून आणली. आईने नाही तर कोणी कमवायचं मग? रेकॉर्डिंग कंपनीच्या कपाटात पडून राहिलं असतं तर ते काय पवित्र झालं असतं?

आता तर फाईलचीही गरज उरली नाही. २०२४ मध्ये रॅपर ड्रेकने एआयने टूपाकचा आवाज बनवून गाणं टाकलं, वारसांच्या वकिलांची नोटीस आली आणि काढावं लागलं. त्याच वर्षी रहमानने दोन दिवंगत गायकांचा आवाज एआयने वापरला, पण घरच्यांना विचारून आणि मोबदला देऊन. विचारलं हे चांगलंच, तरी बायको-मुलांना काय माहीत टेक सर्दीतला होता की नाही.

अमेरिकन गायक-रॅपर अँडरसन पाकने २०२१ मध्ये हातावर टॅटूच काढून घेतला, मी गेल्यावर माझ्या नावाने अल्बम-गाणी काढू नका, ते नुसते डेमो होते. लोक हसले, मला ते एकदम पटलं. तेव्हापासून मी पोरांना रेकॉर्डिंग संपलं की विचारतो, यातलं काय ठेवू आणि काय उडवू. बहुतेक जण बाईकला किक मारता मारता म्हणतात, "ठेव सगळा, मगे बघूया."