तुम्ही विचारलंत म्हणून: फायबर खाल्लं की शुगर उतरते का?

"फायबर खाल्लं की शुगर उतरते ना?" हे मला इतके जण विचारतात की आता एकदा लिहूनच टाकते. उतरत नाही हो. जेवल्यावर ती जी झपकन चढते ना, ते चढणं सावकाश होतं, आणि तेही प्रत्येकच फायबरने होतं असं नाही.

इसबगोल ग्लासभर पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा, बुळबुळीत जेल होतं, चमचासुद्धा जड फिरतो. पोटात साधारण हेच होतं, जठर हळूहळू रिकामं होतं, स्टार्च तोडणारी एन्झाइम्स त्या चिकट गोळ्यात उशिरा शिरतात आणि सुटलेलं ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायलाही वेळ घेतं, म्हणजे साखर रक्तात येतेच पण एकदम घुसत नाही. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकन याच जातीचं. गव्हाचा कोंडा मात्र विरघळत नाही की घट्ट होत नाही, पोट साफ व्हायला उत्तम, पण त्या जेवणाच्या शुगरला त्याचा फारसा फरक पडत नाही. 1978 मध्ये संशोधक डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या टीमने ग्वार गमचा (गवारीच्या बियांपासूनचं चिकट फायबर) चिकटपणा घालवून ते लोकांना दिलं, तर सगळा परिणामच गायब!

म्हणून पाकिटावरचे फायबरचे ग्रॅम मोजून खूश होण्यात मला काही अर्थ वाटत नाही. बारीक दळलेल्या पिठाचा ब्राउन ब्रेड शुगर जवळपास पांढऱ्या ब्रेडइतकीच चढवतो, कारण दाणाच मोडलेला असतो.

आणि ज्यूस. 1977 चा इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा प्रयोग आहे, अख्खं सफरचंद, त्याचा लगदा आणि ज्यूस, तिन्हीत कार्बोहायड्रेट सारखंच. गंमत म्हणजे शुगर तिन्हीत साधारण तेवढीच चढली, पण ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग शुगर धाडकन खाली आली, अख्ख्या फळानंतर तसं झालंच नाही. नुसता चढता आकडा बघणाऱ्यांना हे दिसणारच नाही.

इसबगोलसारख्या फायबरच्या पावडरचं विचाराल तर ती अन्नात मिसळली तरच खरा उपयोग, दोन तास आधी घेऊन काय करणार? भरपूर पाण्याबरोबर घ्या, हळूहळू वाढवा नाहीतर गॅसने हैराण व्हाल. औषधाच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, आणि इन्सुलिन घेत असाल तर डोस स्वतःच्या मनाने कमी करायच्या भानगडीत पडू नका, आधी डॉक्टरांना विचारा.