आरओए, फिल्टर आणि मिलिसेकंद: ट्रॅफिक परदेशी वाटेला लागू नये म्हणून नागपुरातून केलेली खटपट

नागपुरातल्या छोट्या आयएसपीकडे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे, साधारण एक /22 असतो, म्हणजे 1024 आयपी पत्त्यांचा गट (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा तितका गट लहान). शिवाय स्वतःचा एएस नंबर (नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि मुंबईहून आलेले दोन अपस्ट्रीम, म्हणजे पुढे जगाशी जोडणारे मोठे पुरवठादार. आमचंही तसंच. हे पत्ते आमचे आहेत असं आमचा राउटर बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीने) सांगतो आणि जग ते मान्य करतं. पण दुसऱ्या कुणी तेच सांगितलं तरी मान्य करतं. त्यातही त्याने /22 ऐवजी आतला /24 जाहीर केला तर ट्रॅफिक त्याच्याकडे जातं, कारण जास्त नेमका प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) जिंकतो. 24 फेब्रुवारी 2008 ला पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या /22 मधला एक /24 जाहीर केला, तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीममार्फत बाहेर पडला आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडलं.

बंद पडलं म्हणून ते कळलं तरी. ट्रॅफिक परक्या देशातून फिरून मुक्कामी पोचतं तेव्हा ग्राहकाला फार तर ‘आज नेट जरा स्लो आहे’ एवढंच जाणवतं. मधल्या नेटवर्कला मात्र कोण कुणाशी किती वेळ बोलतंय ते दिसतं, आणि साधं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाची विचारणा, तर उघडंच असतं.

सुरुवात इरिनच्या (भारतात आयपी पत्ते आणि एएस नंबर वाटणाऱ्या संस्थेच्या) सदस्य-खात्यातून केली. एएस नंबर आणि प्रीफिक्स दोन्ही त्यात आहेत का, संपर्काचा ईमेल कुणी उघडतं का, हे आधी पाहावं. सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर खातं असेल तर सगळं तिथेच अडतं. मग आरपीकेआय या डिजिटल सहीच्या व्यवस्थेखाली आरओए, म्हणजे कोणता प्रीफिक्स कोणत्या एएसने जाहीर करायचा याची नोंद, करायचा: एएस नंबर, प्रीफिक्स आणि कमाल लांबी, म्हणजे आतला किती लहान तुकडा जाहीर केलेला चालेल. खरी मेख या कमाल लांबीत आहे. /22 ला सरसकट 24 लिहून मोकळं होणं सोयीचं वाटतं, पण जाहीर फक्त /22 होत असेल तर आतले चार /24 मोकळे राहतात. कुणीही आमचा एएस नंबर शेवटी चिकटवून त्यातला एक जाहीर केला तर तो ‘वैध’ ठरतो. उलट लांबी 22 ठेवून पुढे कधी घाईत /24 जाहीर केला, तर तो आपलाच असूनही ‘अवैध’ ठरून बाहेर फेकला जातो. म्हणून जे जाहीर करतो तेवढंच नोंदवायचं. आम्ही /22 आणि चारही /24 कायम जाहीर ठेवतो. पाच जाहिराती, पाच आरओए. जगाचं राउटिंग टेबल फुगवता म्हणून जुनी मंडळी नाक मुरडतात, ते चूक नाही. पण /24 पेक्षा लहान तुकडा बहुतेक नेटवर्क घेतच नाहीत, त्यामुळे आपल्याहून नेमकं काही जाहीर करून चोराला फारसं साधत नाही. क्रम मात्र पाळावा: आधी आरओए, काही तास थांबून तो पसरल्याची खात्री, मग जाहिरात. सोबत आयआरआर या राउटिंगच्या सार्वजनिक नोंदवहीत रूट ऑब्जेक्टही (प्रीफिक्स आणि एएसची नोंद) लागतो, कारण बरेच अपस्ट्रीम त्यावरूनच फिल्टर बनवतात.

दुसरी बाजू म्हणजे इतरांच्या खोट्या जाहिराती आपण नाकारणं. त्यासाठी व्हॅलिडेटर, म्हणजे आरओए पडताळणारं सॉफ्टवेअर, लागतं. राउटिनेटर आणि आरपीकेआय-क्लायंट ही दोन्ही फुकट आहेत. दोन वेगळ्या मशीनवर दोन वेगळी ठेवली की एकातला बग दुसऱ्याला बाधत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर राउटरओएस 7 हवं, 6 मध्ये ही सोयच नाही. आणि 7 मध्ये फिल्टर-साखळीचा मूळ कल नाकारण्याचा असतो. अवैध रूट नाकारणारा नियम लिहून शेवटी स्वीकाराचा नियम विसरलात तर सगळेच रूट जातात. हे काम रात्री, कन्सोल केबल हाताशी ठेवूनच करावं. व्हॅलिडेटर बंद पडला तर रूट ‘नोंद नाही’ या वर्गात येतात. ते स्वीकारायचे, नाहीतर व्हॅलिडेटर पडला की नेटही पडेल.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. राउटरवर डीफॉल्ट रूट (दुसरी वाट नसेल तेव्हाची ठरलेली वाट) असेल तर अवैध रूट नाकारून काहीच हाती लागत नाही, पॅकेट डीफॉल्टवरून तिकडेच जातं. डीफॉल्ट काढायचा तर जगाच्या रूटचं पूर्ण टेबल लागतं, ते आता 10 लाख रूटच्या घरात आहे आणि जुन्या राउटरला ते झेपत नाही. अशा वेळी पडताळणी करणारा अपस्ट्रीम निवडणं हाच खरा उपाय. करारात तसं लिहून घ्यावं. तोंडी ‘हो, करतो’ सगळेच म्हणतात.

आता मर्यादा. आरओए म्हणजे सातबारा: जमीन कुणाची ते कळतं, तिथे जायची वाट नाही. 12 नोव्हेंबर 2018 ला नायजेरियाच्या मेनवनकडून गूगलचे रूट चायना टेलिकॉमकडे गळले आणि ट्रॅफिक सुमारे सव्वा तास चीन-रशियामार्गे वळलं. शेवटचा एएस गूगलचाच होता, म्हणजे आरओएच्या तपासणीत यातलं काहीच अडकलं नसतं. याला फिल्टरच लागतो. अपस्ट्रीमकडे फक्त आपले प्रीफिक्स जावेत, एकाचे रूट दुसऱ्याला कधीच नाहीत. आणि आपल्याकडून येणाऱ्या रूटवर त्यांनी मॅक्स-प्रीफिक्स (किती जाहिराती घ्यायच्या याची मर्यादा) लावावा. आमच्या पाच जाहिरातींसाठी 20 पुरेसा आहे. एप्रिल 2021 मध्ये व्होडाफोन आयडियाच्या एएस 55410 वरून 30,000 हून जास्त परके प्रीफिक्स बाहेर गेले. अशी जाहिरात पुढच्या नेटवर्कने अडवायची असते.

वळण ओळखायला ट्रेसरूटमधल्या (पॅकेटची वाट दाखवणाऱ्या साधनातल्या) देशांच्या नावांवर विसंबू नका, आयपीचं लोकेशन बऱ्याचदा चुकीचं असतं. वेळ पाहा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे नागपूर-मुंबई जाऊन-येऊन 15–20 मिलिसेकंद रास्त. तेच अचानक 80 झालं तर सिंगापूरसारखी फेरी समजा, 200 च्या वर गेलं तर युरोपची शंका घ्या. ट्रेसरूट जाण्याचीच वाट दाखवतो, परतीची वेगळी असू शकते. म्हणून बाहेरच्या लुकिंग ग्लासवरून (दुसऱ्या नेटवर्कने तपासणीसाठी खुल्या ठेवलेल्या पानावरून) आपल्याकडेही मोजावं. प्रीफिक्सवर बीजीपीअलर्टर (जाहिरातींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवावा, त्याचा इशारा ईमेलबरोबर फोनवरही यावा.

इशारा आला की आधी आपलाच बदल आहे का पाहायचं, मग दोन्ही अपस्ट्रीमच्या एनओसीला (नेटवर्क नियंत्रण कक्षाला) फोन. एएस-पाथचा (जाहिरात कोणकोणत्या एएसमधून आली त्या यादीचा) मजकूर आणि वेळ लगेच कॉपी करून ठेवायची, कारण रूट मागे घेतला की राउटरवर पुरावा उरत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार त्यात येणाऱ्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. राउटरचं घड्याळ एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जुळलेलं नसेल तर ते लॉग अपस्ट्रीमच्या लॉगशी ताडून पाहता येत नाहीत.