बहरीन: बेटावरची माणसं

बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरलं की राजधानी मनामाचा जुना बाजार सुरू होतो. सोन्याची दुकानं, मसाल्यांची पोती, शिंप्यांच्या मशिनची खडखड, आणि कानावर मल्याळम, बंगाली, उर्दू, टागालोग. अरबी मधूनच कधीतरी. २०२० च्या जनगणनेत या देशात १५ लाखांहून थोडी जास्त माणसं मोजली गेली. त्यांतले नागरिक सुमारे ७ लाख १२ हजार आणि बाहेरून आलेले सुमारे ७ लाख ८९ हजार. आखाताबद्दल बोलताना आपण हीच विभागणी करतो: इथले आणि बाहेरचे. फिरताना मला मात्र जास्त ओढ लागली ती या ‘इथल्या’ लोकांत कोण कोण आहे, याची.

बाजाराजवळच्या एका गल्लीत खुब्झची भट्टी होती. कारागीर पिठाची पातळ पोळी कापडी उशीवर ताणायचा, उशी आत घालून ती भट्टीच्या तापल्या भिंतीवर थापायचा आणि फुगे धरले की सळईने सोडवून घ्यायचा. माझ्या पुढच्या आजोबांनी त्यावर तपकिरी पातळ चटणी लावून घेतली. तिला महयावा म्हणतात. छोटी मासळी मीठ, मोहरी, धणे, बडीशेप घालून मुरवलेली. वास चांगलाच उग्र, पण सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या कोकणी नाकाला अजिबात परका नाही. मी निरखून बघतोय हे पाहून आजोबांनी अर्धी पोळी तोडून हातात ठेवली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, ‘खाओ, ये हमारे अजम लोगों का नाश्ता है.’

अजम म्हणजे इराणी वंशाचे शिया बहरीनी. यांच्यातल्या कित्येक घरांत आजही फारसी बोलली जाते. महयावा दक्षिण इराणातून त्यांच्याबरोबरच इथे आली. त्याच किनाऱ्यावरून हुवाला आले. ते सुन्नी, आणि आपण मूळचे अरबच, मध्यंतरी पलीकडे जाऊन परतलो, असं सांगणारे. या दोघांच्याही आधीपासून खजुराच्या बागा आणि मासेमारीची गावं सांभाळणारे बहारना, म्हणजे जुने अरब शिया. १७८३ मध्ये आल खलिफा घराण्याने बेटं ताब्यात घेतली, त्यांच्यासोबत सुन्नी अरब टोळ्या आल्या. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज इथलेच झाले. शिवाय इराकमधून आलेल्या ज्यूंची मूठभर घरं. त्यांतल्याच हुदा नूनू २००८ मध्ये अमेरिकेत बहरीनच्या राजदूत झाल्या.

यांचं प्रमाण किती, हा इथला सगळ्यात नाजूक प्रश्न. १९४१ च्या पहिल्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ९० हजार होती, आणि मुसलमानांना पंथ विचारला होता. शिया निम्म्याहून थोडे जास्त निघाले. त्यानंतर सरकारी आकड्यांत पंथ दिसत नाही. राज्यकर्ते सुन्नी, नागरिकांत शिया अधिक असल्याचं मानलं जातं, आणि २०११ मध्ये हा ताण रस्त्यावर आला. निदर्शनं जिथे झाली त्या चौकातलं मोत्याचं स्मारक सरकारने पाडून टाकलं. मला हे फार वाईट वाटतं. आशुराची, म्हणजे शियांच्या मोहरममधल्या शोकदिनाची, सरकारी सुट्टी देणारा, मनामाच्या गल्ल्यांतून मोहरमच्या मिरवणुका निघू देणारा हा देश. त्याला आपल्याच माणसांची मोजणी उघडपणे मांडायला घाबरण्याचं काय कारण?

बाहेरच्यांची गोष्टही काही तेलापासून सुरू होत नाही. तेल सापडलं १९३२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी सिंधमधल्या ठट्ट्याचे भाटिया व्यापारी इथे स्थिरावले होते. त्यांचं श्रीनाथजींचं मंदिर बाजारातच आहे, दोनशे वर्षांहून जुनं. इथला मोती विकायला मुंबईला जायचा आणि तांदूळ, कापड, गलबतांसाठी सागवान घेऊन गलबतं परत यायची. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता. मनामाशेजारच्या मुहर्रक शहरातल्या मोती व्यापाऱ्यांच्या जुन्या वाड्यांतून फिरताना मुंबई सारखी डोकावत राहते. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडवला. नाहीतर आपल्याला हे नातं विसरायला इतकं सोपं गेलं नसतं.

शुक्रवारी दुपारनंतर बाजाराचं रूपच पालटतं. आठवड्याची सुट्टी, त्यामुळे कामगारांच्या वस्त्यांमधून माणसं येतात, जवळजवळ सगळे पुरुष. कोपऱ्याकोपऱ्यावर घोळके, कुणी गावाकडे व्हिडिओ कॉलवर, पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगा. अशाच गर्दीत एका चहाच्या टपरीवर मराठी ऐकू आलं आणि मी वळलो. खेडजवळच्या गावचे काका, वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करणारे. ‘बसा की, कडक सांगतो,’ म्हणून त्यांनी चहा मागवलाही.

ते तरुणपणी आले, लग्न करून बायकोला घेऊन आले, मुलगी मनामातच जन्मली. इथे जन्मल्याने परदेशी माणसाच्या लेकराला नागरिकत्व मिळत नाही. १९६३ च्या कायद्यानुसार अरब माणसाला सलग १५ वर्षं आणि बिगर-अरबाला २५ वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो. वर अरबी यायला हवी, स्वतःच्या नावावर घर-जमीन हवी, आणि तरीही देणं न देणं सरकारच्या मर्जीवर. काकांची २५ वर्षं कधीच उलटून गेली आहेत.

‘अर्ज केलात का कधी?’ मी विचारलं.

‘नाही हो. घर कुठनं घेणार इथे? आणि तिकडचा पासपोर्ट सोडवत नाही.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पोरीचं तसं नाही. तिला अरबी येते, मैत्रिणी सगळ्या इथल्या. खेडला नेली की चार दिवसांत विचारते, बाबा, घरी कधी जायचं?’

मुलगी बारावीला आहे. पुढचं कॉलेज पुण्यात करायचं ठरलंय. वसतिगृह कुठलं बरं, हे त्यांनी मलाच विचारलं, आणि मी सांगितलेली दोन-तीन नावं फोनमध्ये टिपून घेतली.