कापसाचा ढग

लास व्हेगसला राहायला येऊन मला चार वर्षं झाली. यवतमाळहून आईचा फोन आला की ती हमखास विचारते, "तिथं जुनं असं काही आहे की नाही गं?" इमारती फारशा नाहीत. गाजलेलं सॅन्ड्स हॉटेल 1996 मध्ये सुरुंग लावून पाडलं, आज तिथं व्हेनिशियन उभं आहे. पण त्या काळाचे फोटो आहेत, आणि मला त्यांचं वेडच लागलंय.

1940च्या दशकाच्या अखेरीस इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सनं छायाचित्रकार नेमून न्यूज ब्युरो काढला. देशभरच्या वर्तमानपत्रांना फोटो फुकट पाठवायचे, ही त्यांची जाहिरात. सहलीला आलेल्या जोडप्याचा फोटो काढून त्यांच्या गावच्या पेपरालाही धाडायचे. शेजारचे हसताना छापून आले की बघणाऱ्यालाही जावंसं वाटणारच! सॅन्ड्सनं तर फाशांचं टेबलच पोहण्याच्या तलावात उतरवलं. पाण्यात उभे राहून लोक डाव लावताहेत. सगळं मुद्दाम जुळवलेलं, तरी तो फोटो पाहून मला दरवेळी हसू फुटतं.

त्या हॉटेलांत कृष्णवर्णीय पाहुण्यांना मात्र जागा नव्हती. सॅमी डेव्हिस ज्युनियरसारखे कलावंत तिथं गायचे आणि मुक्कामाला वेस्टसाइड वस्तीत जायचे. सर्वांना खुलं असलेलं मूलां रूज हॉटेल 1955 मध्ये उघडलं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. त्याच्या पाटीची वळणदार अक्षरं बेटी विलिस यांची. शहराच्या वेशीवरची प्रसिद्ध स्वागताची पाटीही त्यांचीच. जुन्या पाट्या जपणाऱ्या निऑन म्युझियममध्ये ती अक्षरं पेटलेली पाहिली तेव्हा पाय निघेना.

पण ज्याच्यापाशी मी पुन्हापुन्हा थांबते, तो फोटो 1957चा. ब्युरोच्या डॉन इंग्लिश यांनी सॅन्ड्सची एक नर्तिका वाळवंटात उभी केली. हात पसरलेले, तोंडभर हसू, आणि पोहण्याच्या पोशाखावर अणुस्फोटाचा ढग. 'मिस ॲटॉमिक बॉम्ब'. तो ढग कापसाचा आहे. मी बघताक्षणी ओळखलं. वेचलेला कापूस घरात छतापर्यंत रचलेला पाहत मी वाढले.

खरे ढग शहरापासून साधारण 100 किलोमीटरवर उठायचे. जानेवारी 1951 पासून तिथं अणुचाचण्या चालत, त्याही बहुतेक पहाटे. हॉटेलं त्यासाठी रात्रभर पार्ट्या ठेवत, 'ॲटॉमिक कॉकटेल' पाजत. लोक लखलखाट बघायला जागायचे. वारा लास व्हेगसकडे नाही ना, हे पाहूनच स्फोट करत. मग किरणोत्सारी धूळ पूर्वेला युटा राज्याकडे जाई, सेंट जॉर्जसारख्या गावांवर. तिथल्या कॅन्सरग्रस्तांना भरपाई देणारा कायदा व्हायला 1990 साल उजाडलं.