तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

दादा गेल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. उपासनेनंतर हात हातात घेऊन विचारणाऱ्यांना माझी साक्ष हवी असते. देव न मानणाऱ्या मित्रांना माझी कबुली. देव तुला विसरला असं वाटत नाही का? मग त्याचं प्रेम आहे, हे कशाच्या जोरावर म्हणतेस?

वाटतं. पुष्कळदा वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्या चेहऱ्यावर शांती शोधत बसणार नाही. आणि कृपा करून बायबलच्या रोमकरांस पत्रातलं 8:28, देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भल्याच्याच ठरतात, हे वचन म्हणून दाखवू नका. पाठ आहे. दादाच्या खाटेशी बसून मीच ते म्हणत होते.

ठसठसतो तो त्याच्या मरणानंतरचा एक रविवार. मंडळीच्या प्रार्थनेच्या यादीत दोन नावं एकाखाली एक होती, दादाचं आणि एका बाईंच्या नवऱ्याचं. त्याच माणसांनी दोघांसाठी सारखीच प्रार्थना केली, सारखेच उपास धरले. त्यांचा नवरा बरा होऊन घरी आला. त्या साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि रडत म्हणाल्या, "देवानं आमची आठवण केली." सगळी मंडळी आमेन म्हणाली. माझ्या शेजारी बसलेली आईसुद्धा. मला त्या बाईंचा राग आला नाही, आजही नाही; त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते. पण त्यानं आठवण केली असेल, तर यादीतलं वरचं नाव कसं राहून गेलं? मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले म्हणून मी उभी राहिले. घरी येऊन यशयाचा 49 वा अध्याय काढला. आई तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, तुला तळहातांवर कोरून ठेवलंय, असं देव सियोनेला सांगतो ना, तिथे समासात लिहिलं: खोटं. पेन्सिल हाताशी होती. मुद्दाम पेन घेतलं.

समासात लिहिणारी ती बाई अजून माझ्याशी भांडते.

मी तिला योहानाचा 11 वा अध्याय दाखवते. मार्था, मरीया आणि लाजर यांच्यावर येशूचं प्रेम होतं, असं एक वचन सांगतं. लगेच पुढचं वचन सांगतं की लाजर आजारी आहे हे कळूनही तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या गाठून एकच गोष्ट सुनावतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो एकीलाही दटावत नाही. रडतो.

"त्यांचा भाऊ चौथ्या दिवशी कबरेतून बाहेर आला," ती म्हणते. "तुझा?"

म्हणून हल्ली मी लाजराचं नाव काढत नाही, 88 वं स्तोत्र काढते. 13 वं स्तोत्र 'किती काळ विसरशील' असं सुरू होऊन सहा वचनांत गाण्यावर येतं. 88 वं कुठेच वळत नाही, अंधारातच संपतं. शास्त्र जपणाऱ्यांनी ते गाळलं नाही, शेवटी आशेची एखादी ओळही चिकटवली नाही. आणि वधस्तंभावर ख्रिस्तानं 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्यानं म्हटली, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? मार्कच्या शुभवर्तमानात त्यावर स्वर्गातून एक शब्द येत नाही. टाकून दिल्यासारखं वाटणं हाच प्रेम नसल्याचा पुरावा मानायचा, तर तो पुत्रालाही लावावा लागेल. तो मला लावता येत नाही. माझा जोर म्हणाल तर एवढाच.

"त्याला तिसरा दिवस मिळाला," ती म्हणतेच.

मिळाला. दादालाही मिळेल, मेलेले पुन्हा उठतील, असं मी विश्वासांगीकारात, उपासनेतल्या आमच्या श्रद्धेच्या कबुलीत, सगळ्यांबरोबर म्हणते. कधी मनापासून, कधी नुसती सवय म्हणून. त्या सवयीला विश्वास म्हणायचं नाही, असं तुमचं म्हणणं असेल, तर त्यावर मात्र मी तुमच्याशी भांडेन.